जालिंदर जालिंदर मोहिते

घुगऱ्यांचं पातेलं मी चुलीवरून उतरवत होते तेव्हा आई मागून आली आणि माझा पदर धरून म्हणाली, "त्ये नाव ठिवू नगंस."

"कुठलं?" मी विचारलं.

"तुला ठावं हाय."

"मला ठावं असून काय उपेग? तू सांग की कुठलं."

ती सांगणार कशी? ते नाव अडवायचं तर आधी तोंडातून काढावं लागणार होतं, आणि ते पडलं तिच्या नवऱ्याचं, माझ्या वडिलांचं. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, विधवा झाल्यावर तर नाहीच नाही. मला हे सगळं कळत होतं, तरी मी तिला छेडलं. खरं सांगायचं तर मी दमले होते. आदल्या दिवशी दोन गाड्या बदलून आले होते, हातात हरभऱ्याची पिशवी, डोक्यावर बाळंतविड्याचं गाठोडं. घरी अंथरुणाला खिळलेली सासू शेजारणीच्या भरवशावर टाकलेली. पाय सुजून चप्पल चढत नव्हती. भाच्याचं बारसं म्हणजे आत्याचा मान. मान म्हणतात त्याला. म्हणजे कुंची, अंगडं, घुगऱ्या सगळं आपण आणायचं आणि घरात भांडण लागलं की मधोमध उभं राहायचं.

भांडण होतं ते नावाचंच. माझ्या भावाला मुलगा झाला होता आणि भाऊ म्हणत होता, पोराला माझंच नाव ठेवा.

आमच्याकडे बाप गेल्यानंतर जन्मलेल्या मुलाला बापाचं नाव ठेवतात. जित्या बापाचं नाव पोराला ठेवत नाहीत. म्हणून कुणाचं आणि त्याच्या बापाचं नाव एकच निघालं, की ऐकणारा आपोआप चुकचुकतो. माझा भाऊ तसाच. वडील विहीर खणत असताना दरड ढासळली, आणि आई तेव्हा दिवस भरत आलेली होती. मुलगा झाला तसं आमच्या आजीनं पदर डोळ्यांना लावत सांगितलं, माझा जालिंदर परत आला. झालं, जालिंदर जालिंदर मोहिते. आजी त्याला त्या नावानं हाक मारायची आणि मारली की रडायची. लहान होते तरी मला कळायचं, हाक याला नाहीच. मी त्याला बापू म्हणायला लागले. आईनं तेही म्हटलं नाही. ती नुसतं "आरं" म्हणायची. सगळं बालपण त्यानं "आरं" वर काढलं.

मोठा झाल्यावर तो आमच्या घाटमाथ्यावरच्या बाकीच्या पोरांसारखाच गलाईच्या धंद्यात गेला, पार मदुराईला. जुने दागिने वितळवायचे आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं. ॲसिडच्या धुरानं त्याच्या बोटांची टोकं पिवळी पडली होती आणि बोलता बोलता तो खोकायचा. तो खोकला की आई चुलीपाशी हात थांबवून ऐकायची. बारशासाठी तो रजा काढून आला होता.

आईनं माझा पदर सोडला नव्हता. "भटजीनं अक्षर काढून दिलंय, वि. विलास ठिव. चांगलं हाय. जित्या बापाचं नाव पोराला ठिवलं तर लोक म्हंतील बापाचं तेरावं घातलं. त्या नावाचं एकच माणूस जगतं ह्या घरात."

"मी काय करू? तुझा ल्योक हाय, तू सांग त्येला."

"माझं ऐकतोय व्हय त्यो? तू आत्या हाईस. कानात नाव तूच सांगणार. तुझ्या तोंडातनं न्हाई आलं तर न्हाई."

एवढं बोलून ती गूळ फोडायला बसली. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि माजघरात गेले, तर तिथं दुसरा पक्ष वाटच बघत होता.

बापू स्टुलावर चढून आढ्याला पाळण्याची दोरी बांधत होता. "स्टूल धर, आक्का," म्हणाला, "हालतंय."

मी धरलं. थोडा वेळ तो गाठी मारत राहिला. मग खाली न बघता म्हणाला, "आईनं गाठलं न्हवं तुला?"

"गाठायला मीच एक हाय की सगळ्यास्नी."

तो हसला आणि खोकला. मला राग आला. मी म्हटलं, तुला हे नाव कधी आवडलं होतं का रे? शाळेत हजेरी घेताना नवा मास्तर पूर्ण नाव वाचायचा आणि चुकचुकायचा. वर्ग मागं वळून बघायचा. दुष्काळात सुकडी वाटताना शिपाई तुला एक मूठ जास्त घालायचा, आणि ती तू कुत्र्याला टाकायचास. मी बघितलंय. आणि आता तेच पोराच्या गळ्यात बांधतोस?

त्यानं दोरी ओढून बघितली. "तिकडं मदुराईत कुणी चुकचुकत न्हाई, आक्का," तो म्हणाला. "त्येंच्यात ह्याचा अर्थच न्हाई. दुकानाच्या मालकानं नाव वाचलं, बरं म्हणाला, कामाला लाग म्हणाला. तवा मला पैल्यांदा कळलं, ह्ये नुसतं नाव हाय. माणसाचं आसतं तसं."

"मग राहू दे की तुझं तुला."

तो स्टुलावर तसाच उभा राहिला. मला त्याचे फक्त पाय दिसत होते, टाचा भेगाळलेल्या. "ह्या नावाचं पोर मी एकच बघितलंय," तो म्हणाला, "आन् त्ये म्हंजे मी. बिनबापाचं. एकदा तरी ह्या नावाचं पोर बापाच्या मांडीवर बसू दे की. बघू दे मला कसं दिसतंय त्ये."

मी स्टूल घट्ट धरलं. वडिलांची मांडी मला आठवत होती. मातीनं भरलेलं धोतर, तंबाखूचा वास, आणि त्यांनी गुडघा हलवला की मी खिदळायचे. त्याला ते सांगून काय करू? त्याच्या वाटणीचं मी वापरून टाकलं होतं असं मला लहानपणी वाटायचं. त्या दिवशी ते परत वाटलं.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. मी म्हटलं, "बापाची मांडी मिळंल. हाक कोण मारणार? शालन नवऱ्याचं म्हणून तुझं नाव घेत न्हाई. आई बी घेणार न्हाई. म्हंजे ह्ये पोर बी आरंच."

तो उतरला. स्टुलावर बसला. आमच्या लहानपणी दिवेलागणीला गावातल्या बाया परसात उभ्या राहून पोरांना हाका मारायच्या. हणम्या, शिवा, भग्या, एकेक नाव यायचं आणि एकेक पोर खेळ सोडून पळायचं. आमची आई परसात येऊन "आरं ए" म्हणायची. हा बांधावरच्या दगडावर बसून राहायचा. मग मला यावं लागायचं, हाताला धरून न्यायला.

"ऐकू यायचं तुला," मी म्हटलं. "तरी ओ द्यायचा न्हाईस."

"मला वाटायचं, नावानं हाक मारंपर्यंत हलायचं न्हाई," तो म्हणाला. "मग भूक लागायची."

आम्ही दोघंही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, पण दमलेल्या माणसाला कशाचंही हसू येतं. मग मी त्याला माझी अट सांगितली. नाव ठेवीन, पण माझ्या आधी शालन ते नाव घेईल. उखाण्यात नाही. हाक मारल्यासारखं, सगळ्या बायकांसमोर. ती घेणार नसेल तर मी विलास म्हणून मोकळी होणार, मग मला बोल लावायचा नाही.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली, शेपेचा आणि ओव्याचा धूर भरलेला. शालन पोराला कुंची घालत होती. ती स्वभावानं शांत होती, गरज नसेल तिथं बोलायची नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यातले थोडेच महिने तिच्या वाट्याला आले होते, बाकीचे मदुराईच्या. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, तू ह्याला काय म्हणशील?

"सोन्या म्हणंन. राजा म्हणंन. काय तरी."

"आन् नाव?"

मी अट सांगितली. ती घाबरली. म्हणाली, एवढ्या बायकांत? उखाण्यात घेते की, उखाणा तयार आहे माझा. मी म्हटलं, उखाण्यातलं नाव नवऱ्याचं असतं. मला पोराचं पाहिजे.

तिनं कुंचीची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "आक्का, ह्यास्नी काय हुईल का वो?"

तिला धीर देणं माझं काम होतं. थोरल्या नणंदेनं म्हणायचं असतं, काही होत नाही, सगळं थोतांड आहे. पण मी त्याच घरात वाढले होते, आणि बाहेर बापू परत खोकत होता. "मला ठावं न्हाई," मी म्हटलं.

"मला भ्या वाटतं."

"मला बी वाटतं."

पोरानं जांभई दिली. शालन त्याच्याकडे बघत म्हणाली, "दुसरं कायबी मागितलं न्हाई त्येंनी माझ्याकडं. लगीन झाल्यापासनं." एवढंच. घेईन म्हणाली नाही, घेणार नाही म्हणाली नाही. मी उठले, कारण बायका यायला लागल्या होत्या.

दुपारी माजघर बायकांनी भरलं. गजराकाकी सगळ्यांत पुढं. गावातलं एकही बारसं तिच्यावाचून होत नसे. आई चुलीपाशीच राहिली. विधवेनं पाळण्याला हात लावायचा नाही, म्हणून तिचं ते बसणं कुणाला वेगळं वाटलं नाही. मला वाटलं. तिथून तिला सगळं ऐकू येणार होतं.

पाळणागीत झालं. पाळण्याच्या खालून वरून पोराला देऊन घेऊन झालं. पोराला पाळण्यात घातलं आणि मी नाव सांगायला वाकले. बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला सरसावून उभ्या. मी शालनकडे बघितलं. ती पाळण्याची दोरी धरून उभी होती, खाली मान घालून.

मी वाकलेलीच. कंबर धरली. सुजलेला पाय ठणकायला लागला.

"आगं आटप की," गजराकाकी म्हणाली, "घुगऱ्या गार व्हाय लागल्या."

एक बाई म्हणाली, आत्या नाव विसरली वाटतं. सगळ्या हसल्या. शालन हसली नाही. दाराबाहेर ओट्यावर बापू पुरुषांत बसला होता, पाठमोरा. त्याची पाठ ताठ झालेली मला दिसत होती. आत चुलीपाशी फुंकणीचा आवाज थांबलेला. इकडं एक, तिकडं एक, आणि मध्ये मी वाकून. जन्मभर मी या दोघांच्या मध्ये अशीच वाकलेली आहे असं मला त्या क्षणी वाटलं आणि सगळ्यांचाच कंटाळा आला. विलास तर विलास. चांगलं नाव आहे. मी तोंड पोराच्या कानापाशी नेलं.

"जालिंदर," शालन म्हणाली.

अगदी साधं म्हणाली. झोपलेल्या पोराला उठवताना म्हणतात तसं. मग एकदा परत, थोडं मोठ्यानं, "आरं जालिंदर, आत्या बोलावती बघ."

माजघरात कुणी हललं नाही. मला वाटलं आता कुणी तरी चुकचुकणार. त्याच्या आत मी "कुर्रर्र" केलं आणि पोराच्या कानात ते नाव सांगितलं. धपाटा पडेना. बायकांचे हात तसेच वर राहिले होते. मग गजराकाकीनं एक जोरात घातला माझ्या पाठीत, म्हणाली, "बरं बाई. नाव कसं का आसंना, पोर गुटगुटीत हाय." आणि बाकीच्यांनीही घातले.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. बापूला काही झालं नाही. तो आता साठीला टेकलाय. गलाई कधीच सोडली, विट्याला छोटं दुकान आहे. खोकला आहे, गुडघे गेलेत, नातवंडांवर ओरडतो. धाकटा जालिंदर कुठल्याही कचेरीत गेला की खिडकीतला माणूस नाव वाचून आवाज खाली आणतो, वडील कधी वारले म्हणून विचारतो. तो म्हणतो, बाहेर बसलेत, बोलावू का? बापूला ही गोष्ट फार आवडते. प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

पण त्या दिवशी यातलं आम्हाला काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बायका घुगऱ्या ओटीत घेऊन लवकर गेल्या. एरवी बारशाला ज्या बसून राहतात त्यासुद्धा. ओटा रिकामा झाला तसं बापूनं शालनकडून पोर मागून घेतलं आणि मांडी घालून बसला. पोर आडवं ठेवलं, उभं धरलं, परत आडवं ठेवलं. त्याला ते जमत नव्हतं. त्यानं कुठल्या बापाला पोर असं घेताना जवळून बघितलंच नव्हतं, कुठून जमणार? शालननं येऊन त्याचा हात पोराच्या मानेखाली सरकवून दिला. मग तो हललाच नाही. पाय मुंग्यांनी बधिर झाला असणार, तरी हलला नाही. मी दारातून बघत होते आणि मला रडू येत होतं, आणि रडायची ताकद नव्हती.

आई बाहेर आलीच नाही. तिनं सगळ्यांना वाढलं, भांडी विसळली, स्वतः जेवली नाही. बापूही जेवला नाही. आई बोलत नाही म्हटल्यावर त्यानं पोर शालनकडे दिलं आणि दिवस कलताना परसातून निघून बांधावर जाऊन बसला. त्याच दगडावर. एका पोराचा बाप, पण रुसायला तोच दगड.

मी आईजवळ बसले. म्हटलं, झालं ते झालं, आता त्याला उपाशी ठेवू नको. ती चुलीतला विस्तव राखेनं झाकत होती.

"मला लाज वाटती म्हणून मी नाव घेत न्हवते आसं वाटतं तुला," ती म्हणाली. "पैल्यांदा तसंच व्हतं. मागनं तसं न्हवतं." तिनं राख सारखी केली. "त्यो पोटात व्हता तवा तुझा बाप गेला. ह्यो जल्मला, म्हातारीनं त्येच नाव ठिवलं. म्या मनात धरलं, एवढं नाव आपल्या तोंडातनं काढायचं न्हाई. न्हाई काढलं तर ह्यो ऱ्हाईल. ताप आला, न्हाई काढलं. आडात पडता पडता वाचला, न्हाई काढलं. मदुराईला ग्येला, गाडी हलली, हाक मारावी वाटली. न्हाई मारली. आन् ऱ्हायला की त्यो."

इतक्या वर्षांत हे तिनं मला सांगितलं नव्हतं, आजीला नव्हतं, कुणालाच नव्हतं. मी समजत होते ती त्याला हाक मारायला विसरली आहे. ती रोज, दिवसातून कितीदा तरी, न मारता राहिली होती.

बाहेर दिवेलागण झाली. गावात कुणी तरी कुणाला हाक मारत होतं. आई दारात गेली आणि म्हणाली, "आरं."

बांधावरची आकृती हलली नाही.

"आरं ए. जेवाय ये."

नाही. मी सवयीनं उठले, गुडघ्यावर हात टेकून, त्याला हाताला धरून आणायला. आईनं मागं न बघता मला सांगितलं, "तू बस. पाय सुजलाय तुझा."

ती उंबऱ्यावर उभी होती. "त्या पोरीनं घेतलं," ती म्हणाली. माझ्याशीच बोलत होती का, ठाऊक नाही. "आता मी एकटीनं गप्प राहून काय हुतंय."

ती परसात गेली, जनावरांच्या दावणीपाशी थांबली. पदर तोंडावर धरला, मग काढला.

"जालिंदर."

इतकं हळू की दारात असून मला जेमतेम ऐकू आलं. आवाजही तिचा वाटला नाही. ती घाबरून आभाळाकडे, घराकडे, त्याच्याकडे बघत होती, आता काही होतंय का म्हणून. काही झालं नाही. गाईनं शेपूट हलवलं. मग आईनं गावातल्या बाकीच्या बाया मारतात तशी, मान वर करून, खणखणीत हाक मारली.

"जालिंदर! भाकरी गार व्हाय लागली."

तो लगेच उठला नाही. मला वाटतं त्याला खरंच कळलं नाही की आपल्याला बोलावलंय. त्यानं मागं वळून बघितलं, त्या नावाचं दुसरं कुणी मागं आहे का ते.

"ओ," तो म्हणाला. आणि पळत आला.